बाणावरचें रोगण

इतिहासाच्या दरबारांत लोखंडाचा मान मोठा आहे. संग्रहालयांत आपण जातों तेव्हां काचेच्या कपाटांत बाणांचीं पातीं मांडलेलीं दिसतात. कांहीं गंजलेलीं, कांहीं मोडकीं, परंतु ओळखतां येण्याजोगीं. त्या पात्यांमागची काठी मात्र बहुधा नाहींशी झालेली असते. काठी कुजली, पीस किडीनें खाल्लें, तांत सुटली. आणि ज्या वस्तूमुळें ती काठी कांहीं वर्षें तरी सरळ व कोरडी राहिली असती, तो रोगणाचा पातळ थर तर कोणाच्या ध्यानींमनींहि येत नाहीं. त्या थरासंबंधीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय ऐकून कांहीं वाचकांस हसूं येईल. साम्राज्यांचे उदयास्त सोडून हा गृहस्थ वार्निशाच्या बाटलींत कां शिरला, असेंहि वाटेल. परंतु आम्ही राहतों तें गोंदिया. येथें बसून या विषयाचा विचार करूं लागलें कीं बाटलीच्या तळाशीं बरेंच मोठें जग दिसूं लागतें.

प्रथम बाणाला रोगण हवेंच कशाला, तें पाहूं. बाणाचें सारें बळ त्याच्या सरळपणांत असतें. धनुष्य कितीहि उत्तम असलें तरी वांकडी काठी सरळ जात नाहीं. लाकूड व वेळू हे तर स्वभावतःच वांकण्याकडे झुकणारे पदार्थ. त्यांच्या सूक्ष्म नळ्या हवेंतील ओल पितात व फुगतात. उन्हांत ती ओल परत देतात व आकसतात. एका अंगास ओल अधिक व दुसऱ्या अंगास कमी झाली कीं काठीस बांक येतो. शिवाय ओल प्यालेला बाण जड होतो. एकाच भात्यांतील दहा बाणांचीं दहा वजनें झालीं तर हात कितीहि सराईत असो, नेम प्रत्येक वेळीं निराळा पडावयाचा. खरखरीत काठी सुटतांना धनुष्याच्या अंगास घासते व हातांत कुसळें रुतविते. तेव्हां रोगणाचीं कामें तीन: ओल अडविणें, अंग गुळगुळीत करणें, आणि पीस व पातें बांधणाऱ्या धाग्यावर पांघरूण घालणें. तिन्ही कामें दिसण्यांत क्षुल्लक आहेत. परंतु त्यांवांचून बाण हा एका पावसाळ्याचा सोबती ठरतो.

आपल्या जुन्या ग्रंथकारांनीं बाणाच्या काठीचा विचार मोठ्या बारकाईनें केलेला आहे. कौटिल्यानें आयुधागाराच्या प्रकरणांत वेणु, शर, शलाका, दंडासन व नाराच असे बाणांचे भेद सांगितले आहेत. १३६३ सालीं सिद्ध झालेल्या ‘शार्ङ्गधरपद्धति’ या संग्रहांत धनुर्वेदाचें एक प्रकरण आहे. काठी फार जाड नसावी, फार बारीक नसावी, वाईट जमिनींतली नसावी. पेरीं भरलेलीं असावींत, ती पिकून पांढुरकी झालेली व योग्य हंगामांत आणलेली असावी. जाडी करंगळीएवढी व लांबी दोन हातांना एक मूठ कमी असावी, असें तेथें सांगितलें आहे. प्रत्येक बाणास चार पिसें, तींहि सहा अंगुळें लांबीचीं. पात्याला पाणी देण्याच्या कृतीहि आहेत. ज्यांनीं हें लिहिलें त्यांस काठीच्या ‘हंगामा’चें महत्त्व पूर्ण ठाऊक होतें, म्हणजेच ओल हा बाणाचा खरा शत्रु आहे हें त्यांनीं ओळखलें होतें.

आतां त्या शत्रूवरचा उपाय. ज्या पदार्थानें लाकडावर उत्तम कवच चढतें तो पदार्थ आपल्या वाङ्मयांत बाणाइतकाच जुना आहे. तो म्हणजे लाख. अथर्ववेदाच्या पांचव्या कांडांतील पांचवें सूक्त लाक्षेला उद्देशून आहे. काठीनें, बाणानें किंवा ज्वाळेनें झालेल्या जखमेवर ही वनस्पति औषध होय, असें त्या ऋषीनें म्हटलें आहे. ती ज्या झाडांवर सांपडते त्यांत पिंपळ, वड, खैर व धावडा यांच्याबरोबर पर्ण म्हणजे आपला पळस याचेंहि नांव घेतलें आहे. योगायोग पाहा: बाणाच्या काठीचें रक्षण करणारी वस्तु प्रथम भेटते ती बाणाच्या जखमेवरील औषध म्हणून! पाणिनीच्या काळीं लाखेनें रंगविलेल्या वस्त्रास स्वतंत्र शब्द होता व तो साधण्यासाठीं त्यानें सूत्र रचिलें. महाभारतांतील जतुगृहाची कथा तर बालकांसहि ठाऊक आहे. लाख जशी कवच होते तशी पेट घेण्यासहि तत्पर असते. आणि त्या जळत्या घरांतून निसटलेल्या पांच भावांत एक जण भारतांतील सर्वश्रेष्ठ धनुर्धर होता, ही गोष्ट आमच्या विषयाला शोभणारी आहे.

पुढील काळांतहि लाख आपल्या घरांतून गेली नाहीं. स्त्रियांच्या पायांना लागणारा अळता लाखेच्या रंगाचा. लाखेनें मोहोर केलेलें पत्र तो लखोटा. तलवारीचें पातें मुठींत घट्ट बसविण्यासाठीं मुठीच्या पोकळींत ओतावयाची तीहि लाखच. सावंतवाडीच्या चिताऱ्यांनीं गंजिफांच्या चकत्यांवर व लांकडी खेळण्यांवर जी तकाकी चढविली तिच्याहि मुळाशीं हीच वस्तु आहे. सारांश, मराठी माणसाच्या हातांत शस्त्र असो, पत्र असो कीं खेळणें असो, त्यावर कोठें तरी लाखेचा लेप होताच.

ही लाख येते कोठून? गोंदियाच्या नांवाची जी व्युत्पत्ति येथें सांगतात तींतच तिचें उत्तर आहे. आसपासच्या अरण्यांतून गोंड लोक गोंद म्हणजे डिंक व लाख विकावयास येथें आणीत. त्यावरून या गांवास हें नांव पडलें, असें म्हणतात. हा मुलूख पूर्वीं भंडारा जिल्ह्यांत मोडत असे. १ मे १९९९ रोजीं गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगांव या बाजूस अद्यापि दाट रान आहे, आणि धानाच्या बांधांवर पळस उभे आहेत. या पळसाच्या, तसेंच बोर व कुसुम या झाडांच्या कोंवळ्या फांद्यांवर तांबूस रंगाचे अत्यंत सूक्ष्म किडे येऊन बसतात. शास्त्रज्ञ त्यांस केरिया लॅक्का म्हणतात. मादी एकदां सोंड खुपसून बसली कीं पुन्हा हालत नाहीं. रस पिते व अंगांतून राळ पाझरविते. शेजारणींच्या राळा एकमेकींस मिळून फांदीवर जाड कवच तयार होतें, त्याच्या आंत ती अंडीं घालते व तेथेंच मरते. लाख हें नांव लक्ष या संख्येवरून आलें असें लोक मानतात. एक शेर लाखेमागें किती जीव लागत असतील याचा विचार केला म्हणजे त्या समजुतीचें नवल वाटत नाहीं.

पळस व बोर यांवरील किड्यांची जात ‘रंगीनी’ व कुसुमावरील ‘कुसुमी’. रंगीनीचीं पिकें दोन: पावसाळ्यांत वाढून दिवाळीच्या सुमारास येणारें कातकी, आणि हिवाळा व उन्हाळा काढून पावसाच्या तोंडावर पक्व होणारें वैशाखी. कवच फांदीसह तोडलें कीं ती काडीलाख. ती कुटून, पाण्यांत धुवून लाल रंग काढून टाकला कीं दाणालाख. तो दाणा कापडाच्या लांबच लांब पिशवींत भरून विस्तवासमोर पिळीत, वितळलेला रस गरम पाण्याच्या नळकांड्यावर पसरीत, आणि तो गार होण्याच्या आंत हात, पाय व प्रसंगीं दांत लावून कागदासारखा पातळ ताणीत, तोच चपडा. गोंदियांत चपड्याचे कारखाने चालत असत. बंगाल-नागपूर रेल्वेनें हें गांव एका अंगास नागपुराशीं व दुसऱ्या अंगास कलकत्त्याशीं जोडलें. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं नैनपूर-जबलपूरकडे जाणारी सातपुड्याची अरुंद गाडी येथूनच निघूं लागली. रानांतील माणसाच्या डोक्यावरचें टोपलें अशा रीतीनें जगाच्या बाजाराशीं बांधलें गेलें.

तो बाजार लहान नव्हता. १५६३ सालीं गोव्यांत छापलेल्या आपल्या ग्रंथांत गार्सिया द ओर्ता यानें लाखेवर स्वतंत्र संवाद लिहिला. त्यानंतर गोव्यांत राहून गेलेल्या लिन्सखोटेन या डच प्रवाशानें येथील कातारी फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी टेकवून घर्षणाच्या उष्णतेनें रंग कसा चढवितात, तें वर्णिलें. ‘आईन-इ-अकबरी’ मध्यें चिकांच्या पडद्यांना लाख लावण्याचा हिशेब आहे. १७८१ मध्यें पाटण्याच्या जेम्स केर यानें या किड्याचें वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें ठेविलें. केरिया हें नांव त्याच्याच स्मरणार्थ आहे. प्रारंभीं युरोपास हवा होता तो लाखेचा लाल रंग. १८५६ पासून कृत्रिम रंग निघूं लागले व तो व्यापार बसला. पण तोंवर फ्रेंच पॉलिशच्या रूपानें राळेला मागणी आली होती. पुढें ग्रामोफोनच्या तबकड्या आल्या. आपल्या आजोबांनीं नाट्यगीतांच्या ज्या काळ्या तबकड्या जपून ठेविल्या त्यांत दगडाची पूड व काजळी यांना धरून ठेवणारी वस्तु चपडा होती. पळसावरच्या किड्यानें अशा रीतीनें गंधर्वांचा कंठ सांभाळला. १९२४ सालीं रांचीजवळ नामकुम येथें लाखेच्या संशोधनासाठीं संस्था निघाली. परंतु १९०९ मध्यें जाहीर झालेलें बेकलाईट व १९४८ मध्यें आलेल्या नव्या प्लास्टिकच्या तबकड्या यांनीं चपड्याचीं दोन मोठीं गिऱ्हाइकें हळूहळू पळविलीं. रानांतल्या माणसाला यांतलें कांहींच कळलें नाहीं. त्याला कळलें तें एवढेंच कीं भाव पडला.

हें सर्व आम्हीं पुस्तकांतून वाचलेलें होतें. पण ज्ञान हातांत यावयास एक लहानशी फजिती कारण झाली. दोन वर्षांपूर्वींच्या पावसाळ्यांत आमच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं सरावासाठीं लाकडी बाण घरींच तयार करण्याचा उद्योग आरंभिला. सरळ तंतूंच्या कांड्या निवडून, काचकागदानें घासून, त्या आमच्याकडे आणल्या. आम्हीं मोठ्या उत्साहानें लाखेचें माहात्म्य सांगितलें व चपडा स्पिरिटांत विरघळवून कापसाच्या बोळ्यानें कांड्यांवर फिरविला. प्रथम सोन्यासारखा रंग आला. घटकाभरानें पाहतों तों साऱ्या कांड्यांवर दुधाच्या सायीसारखा पांढरा पडदा! त्यांतच एका विद्यार्थ्यानें विचारलें, “सर, हा चपडा कुठल्या खाणींतून निघतो?” त्याच्या अज्ञानाचें आम्हांस हसूं आलें नाहीं, आमची मान खालीं गेली. ज्या गांवाच्या नांवाशीं लाख निगडित, त्या गांवांत वाढलेल्या मुलास ती खाणींतली वस्तु वाटावी, आणि आम्हीं त्याला इतकीं वर्षें फ्रेंच राज्यक्रांति शिकवीत राहावें!

आम्ही एका वृद्ध सुताराकडे गेलों. “मिस्त्री, माल तर चांगला होता, मग असें कां झालें?” म्हणून विचारलें. त्यांनीं कांडी उजेडांत धरली व म्हणाले, “चपड्याचा दोष नाही जी, सर. पान्यापावसात चपडा लावत नाही. हवेतलं पानी त्यात कोंडून राहाते.” मग कांडीच्या टोंकावरून आंगठा फिरवून म्हणाले, “आनि हे तोंड उघडं ठेवलं तुम्ही. पानी अंगातून कमी जाते, तोंडातून जास्त जाते.” दोन वाक्यांत त्यांनीं पदार्थविज्ञानाचे दोन धडे दिले. स्पिरिट झपाट्यानें उडतें, त्यामुळें पृष्ठभाग गार पडतो व दमट हवेंतील बाष्प त्यावर जमून थरांत अडकतें. आणि लाकडाच्या नळ्यांचीं तोंडें टोंकाशीं उघडीं असल्यामुळें ओल तेथूनच अधिक शिरते.

दिवाळीनंतर कोरड्या हवेंत त्यांच्याच देखरेखीखालीं पुन्हा काम झालें. ज्यांना करून पाहण्याची हौस असेल त्यांच्यासाठीं रीत येथें देतों. एक लिटर स्पिरिटांत सुमारें सव्वाशे ग्रॅम चपडा रात्रभर भिजवावा, सकाळीं ढवळून फडक्यानें गाळावा. द्रावण ताजेंच वापरावें. फार दिवस ठेवलेलें चिकट राहतें व नीट वाळत नाहीं. कांडीचीं दोन्ही टोंकें प्रथम दोनतीनदां माखावींत. नंतर मऊ जुन्या कापडांत कापूस बांधून, तो थोडाच ओला करून, एका दमांत टोंकापासून टोंकापर्यंत फिरवावा. ओल्यावर पुन्हा हात फिरवूं नये. पहिल्या लेपानें लाकडाची लव उभी राहते. तो वाळल्यावर बारीक काचकागदानें हलकें घासून घ्यावें. असे तीनचार पातळ लेप पुरतात. एक जाड लेप मात्र चार पातळ लेपांचें काम कधींच करीत नाहीं, तो तडकतो. हें कवच हवेंतील बाष्प उत्तम अडवितें, पण पाणी तसेंच सांचून राहिलें तर पांढरें पडतें, आणि साबण-सोड्यानें व स्पिरिटानें सुटतें; म्हणून बाण भिजल्यास लगेच पुसून ठेवावा. एक कांडी आम्हीं मुद्दाम कोरी ठेविली होती. पुढच्या पावसाळ्यानंतर ती टेबलावर लोळविली तेव्हां अडखळत गेली; तिच्या लेप दिलेल्या बहिणी सरळ घरंगळल्या.

एका कांडीवरून सिद्धान्त मांडण्याइतके आम्ही भाबडे नाहीं. परंतु त्या खटाटोपांतून एक विचार मनांत रुजला तो वाचकांपुढें ठेवावासा वाटतो. लाखेच्या शेतींत एक जुना मोह आहे. वैशाखीचें पीक पक्व होण्यास पावसाची चाहूल लागावी लागते. पण उन्हाळ्यांत पैशाची नड असते, उष्णतेनें किडे मरण्याचें भय असतें, म्हणून कांहीं जण फांद्या आधींच तोडतात. अशा अपक्व लाखेला ‘अरी’ म्हणतात. ती विकली जाते, हातांत पैसा येतो. मात्र पुढच्या पिकासाठीं झाडावर बांधावयाचें बीज तिच्यांत उरत नाहीं. जाणता माणूस कांहीं फांद्या बीजासाठीं राखतो. राखलेली फांदी बाजारांत कांहींच मिळवून देत नाहीं. आणि तीच पुढच्या वर्षाचें सारें पीक होय.

विद्येचेंहि असेंच आहे. या प्रदेशांतील माणसांच्या हातांतलें ज्ञान आपण फार काळ अरीसारखें तोडून नेलें. १९१६ सालीं रसेल व रायबहादूर हिरालाल यांनीं मध्यप्रांतांतील जातिजमातींवर चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. लाखेच्या बांगड्या करणाऱ्या लखेऱ्यांचें वर्णनहि त्यांत आहे. तें मोलाचें आहे. पण तें ज्यांच्याविषयीं होतें त्यांच्या शाळेंत तें परत आलें नाहीं. १९२७ च्या वन-कायद्याखालीं रानाच्या मालावर सरकारी ताबा राहिला; १९७२ च्या वन्यजीव-संरक्षण कायद्यानें शिकारीचा बाण भात्यांत गेला, आणि नागझिऱ्याच्या रानाकडे पाहतां तें योग्यच झालें असें आम्ही मानतों. मात्र शिकारीबरोबर काठी निवडण्याची, शेकून सरळ करण्याची व माखण्याची विद्याहि जावी, असें कोणत्याहि कायद्यांत लिहिलेलें नव्हतें. २००६ च्या वनहक्क कायद्यानें गौण वनोपजांच्या यादींत लाख व बांबू हीं दोन्ही नांवें स्पष्ट घातलीं व रानांत पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्यांचा त्यांवरील हक्क मान्य केला. २०१३-१४ पासून लाखेला किमान आधारभूत किमतीच्या योजनेंतहि स्थान मिळालें. पानावरचा हक्क झाडापर्यंत पोहोंचविणें हें काम मात्र कागदाचें नसून माणसांचें आहे.

आज स्पर्धांचे बाण कार्बनचे असतात. त्यांस ओल लागत नाहीं व रोगणहि नको. २०२३ सालीं बर्लिन येथें नागपूरचा ओजस देवतळे व सातारची अदिती स्वामी यांनीं जागतिक विजेतेपदें मिळविलीं तेव्हां महाराष्ट्राची मान उंचावली. तो अभिमान बाळगूनहि आम्हांस असें वाटतें कीं, नवशिक्या मुलांच्या हातीं बांबूचें धनुष्य येथें अजून दिलें जातें, तोंवर त्यासोबतचा बाण त्यांनीं एकदां तरी स्वतः माखावा. त्यांना पळस ओळखूं येईल, त्यावरचा कीटक दिसेल, आणि ती लाख खुडून आणणारा माणूसहि दिसेल.

त्या वृद्ध मिस्त्रींनीं निरोप घेतांना एक कांडी आम्हांस परत दिली. ती आमच्या टेबलावर आहे. पळस फुलला म्हणजे आमचा तो विद्यार्थी, ज्याला चपडा खाणींतला वाटला होता, धाकट्या मुलांना घेऊन बांधांवर जातो व कोणत्या फांद्या तोडूं नयेत तें त्यांस दाखवितो. इतिहासाच्या अध्यापकानें आयुष्यांत याहून अधिक काय मिळवावयाचें असतें?